हरवलेला ठेका

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाला त्याच्याच मेंदूतील लहरी पडद्यावर दाखवून त्या आवरण्यास शिकवायचे आणि जोडीला व्यायाम द्यायचा, या ‘न्यूरोफीडबॅक’च्या प्रयोगांविषयी आम्हांस कुतूहल आहे. परंतु यंत्राचा पुरावा अद्याप तोकडा आहे, व्यायामाचा भक्कम. मेंदूतील डोपामिन घटले की चालण्याचा आतला ठेका हरवतो, पाऊल जमिनीस खिळते; बाहेरून ताल मिळताच ते पुष्कळदा उचलते. पुण्यात हृषीकेश पवारांनी अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. आमच्या बुलढाण्यात तर शेगावच्या पालखीची पावली टाळाच्या ठेक्यावरच पडते. मग इथल्या रुग्णाने ‘म्हातारपणच ते’ म्हणून खाटेवर का खिळावे? यंत्र येईल तेव्हा येवो. औषधांसोबत तालावरचा व्यायाम प्रत्येक तालुक्यात आजच सुरू व्हावा.