मान-पाठीचा संधिवात आणि गादीवरची बैठक

कोल्हापुरातील गुजरीच्या सराफी पेढीवर असो वा लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानात, व्यापाऱ्याचा दिवस बैठकीतच जातो. मांडी घातलेली, पाठ वाकलेली आणि नजर वहीत. हुपरीचा चांदी-कारागीर तर आयुष्यभर मान खाली घालूनच काम करतो. पन्नाशीनंतर मान आखडते, कंबर धरते आणि गल्ल्याशेजारी वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट येऊन बसते.

वयोमानानुसार मणक्यांमधील चकत्या पातळ होतात आणि त्यांच्या मागील लहान सांध्यांतील कूर्चा झिजते. हाच मणक्यांचा झिजेचा संधिवात. प्रौढपणी चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूने झिरपणाऱ्या द्रवावर ती पोसली जाते आणि हालचाल त्यास साहाय्य करते. म्हणून अंथरूण धरणे हा या दुखण्यावरील उपाय नव्हे. दर अर्ध्या तासाने गादीवरून उठून चार पावले चालावे. कमरेमागे तक्क्या घ्यावा, वही उतरत्या मेजावर ठेवावी. 15 ते 20 मिनिटे सोसवेल असा शेक घ्यावा. मान सावकाश दोन्ही बाजूंस वळवावी. झटका देऊ नये. रंकाळ्याकाठची सकाळची फेरी चुकवू नये.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबाबत जैन कुटुंबांनी विशेष सावध असावे. हे द्रव्य बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, तर सोबतचे कॉन्ड्रॉयटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून काढतात. पाकिटावरील हिरवी खूण आणि घटकांची यादी पाहावी. शिवाय नॉर्वेतील 250 कंबरदुखीच्या रुग्णांवरील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने ग्लुकोसामाइन घेऊनही औषधविरहित गोळीपेक्षा अधिक गुण आढळला नाही.

दुसरी सावधगिरी उपवासाची. पर्युषणात किंवा दशलक्षणात रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी जठरास इजा करू शकते. निर्जळ उपवासात तीच मूत्रपिंडांवर ताण आणते. रक्तदाब वा मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना हा धोका अधिक. व्रत घेण्यापूर्वीच वैद्यांशी बोलून त्या दिवसांतील औषधांचा क्रम ठरवावा. स्टेरॉइडची गोळी चालू असल्यास ती मनाने बंद करू नये.

हातापायांस मुंग्या येणे हे नस दबल्याचे लक्षण असू शकते, तसेच ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचेही. शाकाहारी घरांत ही कमतरता पुष्कळ आढळते. साध्या रक्ततपासणीत ती कळते. तरुण मुलाची पाठ पहाटे आखडत असेल आणि वावरल्यावर मोकळी होत असेल, तर तो झिजेचा नव्हे, दाहाचा संधिवात असू शकतो. त्याची तपासणी लांबणीवर टाकू नये. हातापायांतील शक्ती कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पाठदुखीसोबत ताप येणे किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. वेदना मात्र पुष्कळ अंशी आटोक्यात राहते. दुकानाचा हिशेब रोज लिहिणाऱ्याने उठण्या-चालण्याचाही हिशेब त्याच नेमाने ठेवावा.