भाडेकरार तीन वर्षांचा मागा

मुंबई-ठाण्यात भाड्याच्या घरात मुलं वाढवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अकरा महिन्यांच्या करारावर मुकाट्याने सही करू नका. तीन वर्षांचा मागा.

महिन्याचा खर्च मांडताना आपण भाडं, फी, दूध, भाजी, लोकलचा पास धरतो. घर बदलण्याचा खर्च धरत नाही, कारण तो एकदाचा वाटतो. दर अकरा महिन्यांनी येणारा खर्च एकदाचा कसा? एजंटची महिनाभराच्या भाड्याएवढी दलाली, टेम्पो, हमाल, रंगाच्या नावाखाली कापलेलं जुनं डिपॉझिट, वाढवून मागितलेलं नवं. आणि सगळ्यात महाग पडतं ते कुठल्याच पावतीवर नसतं. आई कामावरून येईपर्यंत लेकीला दोन घास भरवणाऱ्या, कपाळाला हात लावून तिचा ताप ओळखणाऱ्या समोरच्या काकू सुटतात. नव्या इमारतीत तसा घरोबा व्हायला वर्ष जातं. तोवर पाळणाघराचे पैसे भरायचे, आणि घरोबा होतो न होतो तोच करार संपलेला असतो.

बरं, या अकरा महिन्यांना आपल्याकडे आता आधारही उरलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळण्याची ही जुनी सवय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी करायचीच तर ३६ महिन्यांची करा. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. मुद्रांक शुल्क पाव टक्का. २५,००० रुपये भाडं असेल तर तीन वर्षांच्या भाड्यावर २,२५० रुपये, डिपॉझिटपोटी थोडे आणखी, शिवाय शहरात नोंदणीचे १,०००. एकदाची दलाली याच्या कितीतरी पट आहे.

भाडेकरू घर बळकावेल ही मालकाची धास्ती पागडीच्या काळापासूनची आहे, ती समजून घ्या. त्यांना याच भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २४ दाखवा. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो आणि तोवर दुप्पट भाडं लागू होतं. तीन वर्षांच्या करारालाही हेच. राहिली भाडेवाढ, तर दरवर्षीचा टक्का करारातच लिहा. ‘वाढ देतो, पण पोरीची दहावी होईस्तोवर हलवू नका’ असं सरळ बोला. घर दोन महिने रिकामं पडलं तर नुकसान त्यांचंही होतं.

सही करण्याआधी नोटिशीचं कलम वाचा. छापील मसुद्यात पुष्कळदा दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस असते. ते तसंच राहिलं तर तीन वर्षं फक्त कागदावर. तुमची नोकरी बदलली तर तुम्हाला सोडता यावं, पण भाडं वेळेवर मिळत असताना मालकाने मुदतीआधी घर मागू नये, असं ते बदलून घ्या, आणि मगच अंगठा लावा.