अम्मीला सांभाळणारी बाई काम का सोडते?

देवळ्यासारख्या गावातही आता घरोघरी एकच विचारणा ऐकू येते, "अम्मीजवळ राहायला कुणी बाई आहे का?" मुलगा नाशिकला किंवा आखातात, सून नोकरीला, मुली सासरी. अम्मी पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि शोधाशोध सुरू होते. बाई मिळते, दोन-तीन महिने राहते आणि निघून जाते. मग आपण म्हणतो, "आजकाल कुणाला कामच नको." पण ती का गेली, हे आपण विचारत नाही.

आम्ही विचारलं. आमच्या एका माजी विद्यार्थिनीची आई हेच काम करते. तिने आधीचं घर सोडलं होतं. ती म्हणाली, "पगार कमी होता, ते सोसलं. पण माझं ताट-कप वेगळं ठेवलं, तेव्हा मन उडालं."

हे काम साधं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, अंघोळ, औषधं, भरवणं, रात्रीचं जागरण. विसरभोळेपणाच्या आजारात म्हातारं माणूस शिव्या देतं, कधी हातही उगारतं. वर घरचे सांगतात, "जरा भांडीही घासून टाक."

आता हिशेब मांडू. समजा चोवीस तासांच्या ड्युटीचे महिन्याला 15 हजार ठरले आणि सुट्टी नाही. 30 दिवसांचे 720 तास झाले. म्हणजे तासाला 21 रुपयेसुद्धा पडत नाहीत. ब्युरोमार्फत आलेली असेल तर त्यातून कमिशनही जातं.

दोष फक्त कुटुंबांचा नाही. 2011 च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढचे लोक 10 कोटींवर होते. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कवच मिळालं, ही चांगली गोष्ट. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरचं. घरी आणल्यावर महिनोन्महिने लागणाऱ्या माणसाचा खर्च त्यात नाही. 2007 च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, पण सेवा करणाऱ्या हातांना त्यात काही मिळालं नाही. सगळा भार मध्यमवर्गीय घरावर येतो आणि ते घर तो बाईच्या पगारातून वाचवतं.

घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. पण आपल्या घरातल्या बाईची तिथे नोंद आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं?

दुसरीकडे, 2024 मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 10 हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. त्यात आरोग्यसेवेतली कामंही आहेत. तिथे जुलै 2025 मध्ये वृद्धसेवेतल्या साध्या सहाय्यकाचं किमान वेतन तासाला 16.10 युरो झालं. तरी तिथेही माणसं कमी पडतात, कारण एकेकावर कामाचा ताण फार. म्हणजे पैसा हवाच, पण नुसत्या पैशाने माणूस टिकत नाही.

आई-वडिलांची खिदमत आपल्यावर फर्ज आहे. ती आपण दुसऱ्याच्या हातून करून घेतो, तेव्हा त्या हातांचा हकही आपल्यावर येतो. सरकार काय करेल ते करेल, घरात आजपासून इतकं तरी होऊ शकतं. काम काय आणि किती, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. आठवड्याला एक सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी घरच्यांनी आळीपाळीने बसावं. रात्री झोपायला नीट जागा द्यावी. पगार ठरल्या तारखेला द्यावा. आणि ताट सगळ्यांसारखंच वाढावं.

ती खूश असेल तर अम्मीला मायेने हात लावेल. ती कंटाळलेली असेल तर तेही सगळ्यात आधी अम्मीलाच कळेल, आणि अम्मी ते आपल्याला सांगणार नाहीत.