सौद्याची दुसरी बाजू

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा आमच्या वाचकांशी थेट संबंधित आहे. २०२३-२४ मध्ये असे सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण ४३ टक्के होते. आदल्या वर्षी ते ३१ टक्के होते.

म्हणजे हा विषय आता दलाल स्ट्रीटपुरता राहिलेला नाही. तो भिवंडीच्या कारखान्यात, मालेगावच्या चहाच्या टपरीवर आणि मुंब्र्याच्या लोकलमध्ये पोचला आहे. हातात मोबाइल, मोबाइलवर ॲप आणि कोणत्या तरी ग्रुपवर आलेली टिप, एवढ्या भांडवलावर आपली मुले या बाजारात उतरत आहेत.

हे पैसे गेले कुठे? सेबीचाच अभ्यास सांगतो की नफा प्रामुख्याने परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी आणि स्वतःच्या पैशाने व्यापार करणाऱ्या मोठ्या दलाली कंपन्यांनी कमावला. त्यातला सुमारे ९६-९७ टक्के नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांमधून आला. त्या संगणकांना सूचना लिहून देणारी मंडळी गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकलेली असतात. सौद्याच्या एका बाजूला नशीब अजमावणारा तरुण आहे आणि दुसऱ्या बाजूला शक्यतांचा हिशेब करणारा तरुण. दोघांचे वय सारखेच असू शकते. फरक शिक्षणाचा आहे.

हा हिशेब मुळात अवघड नसतो. समजा, एका सौद्यात शंभर रुपये लावायचे आहेत. वीस वेळांपैकी एकदा हजार रुपये मिळतात, उरलेल्या एकोणीस वेळा काहीच नाही. वीस सौद्यांत दोन हजार गेले, हजार आले. पण मित्रांना सांगताना तो हजाराचाच किस्सा सांगितला जातो. दुसरे उदाहरण घ्या. शंभर रुपयांवर पन्नास टक्के तोटा झाला आणि पुढच्या वेळी पन्नास टक्के नफा झाला, तर हिशेब बरोबरीत सुटला असे वाटते. प्रत्यक्षात हातात पंचाहत्तरच रुपये उरतात. वित्तीय गणित इथूनच सुरू होते.

या विषयाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. लुई बाशलिए या फ्रेंच गणितज्ञाने १९०० साली पॅरिसमध्ये सट्टाबाजारातील किमतींच्या चढउतारावर प्रबंध लिहिला. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र मांडले, रॉबर्ट मर्टन यांनी ते पुढे नेले. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र पुढच्याच वर्षी, हे दोघे भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड कोसळण्याच्या बेतात आला आणि चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला. म्हणून हा विषय शिकणाऱ्याने सूत्राइतकीच सूत्राची मर्यादाही शिकावी. ज्याला हे गणित खरोखर कळते, तो खात्रीच्या नफ्याची भाषा करत नाही.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्याकडची पहिली चूक दहावीनंतर होते. घरात डॉक्टरकीचे स्वप्न असते, म्हणून मूल जीवशास्त्र घेते आणि गणित सोडून देते. नीटमध्ये जमले नाही, की परतीची वाट बंद झालेली असते. गणितात गती असेल तर अकरावीला ते सोडू नका, इतके तरी पालकांनी पाळावे. वाणिज्य शाखेत जाणाऱ्यांनीही गणित आणि संख्याशास्त्राचा पर्याय आवर्जून घ्यावा.

बारावीनंतर गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी हा सरळ मार्ग आहे आणि तो राज्यातील अनेक साध्या महाविद्यालयांतून जातो. ज्यांची तयारी अधिक आहे, त्यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी. बीएस्सीनंतर जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी करता येते. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे पायाचे चार दगड आहेत. त्यांवर पायथन किंवा आरसारखी एखादी संगणकभाषा हवी. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयांवरील व्याख्याने मोफत आहेत.

नोकऱ्यांपैकी सर्वात कमी माहीत असलेली वाट ॲक्चुअरीची आहे. कोणत्या वयाच्या माणसांच्या विम्याला किती हप्ता घ्यावा, कामगारांच्या ग्रॅच्युइटीसाठी कंपनीने आज किती रक्कम बाजूला ठेवावी, पेन्शनचा बोजा तीस वर्षांनी किती होईल, हे तो सांगतो. २००६ च्या ॲक्चुअरी कायद्यानुसार इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया या परीक्षा घेते आणि बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन नोंदणी करता येते. पदवीचे शिक्षण आणि या परीक्षा सोबत चालू शकतात. त्यासाठी एखाद्या महागड्या कॉलेजचा शिक्का लागत नाही. पण पेपर कठीण असतात, अनेकदा पुन्हा द्यावे लागतात आणि सगळे पेपर सुटेपर्यंत बरीच वर्षे जातात. चिकाटी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

याशिवाय बँकांचे जोखीम विभाग, पतमापन संस्था, म्युच्युअल फंड आणि मुंबई, पुणे, बंगळूर येथून काम करणारी परदेशी बँकांची कार्यालये ही कामाची ठिकाणे आहेत. ज्यांचे मोठमोठे पगार वर्तमानपत्रात छापून येतात, त्या जागा मात्र मोजक्या असतात आणि मोजक्या संस्थांमधूनच भरल्या जातात. ते आकडे पाहून कर्ज काढू नका. परदेशातील एक वर्षाच्या महागड्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाआधी तिथे नोकरी मिळाली नाही तर कर्ज कसे फेडणार, याचे उत्तर कागदावर लिहून पाहा.

एक प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात नक्कीच येणार. हे सगळे व्याजाचेच काम नाही का? काही जणांना बँकेतली नोकरी मनाला पटत नाही. त्यांच्या सदसद्विवेकाचा आम्ही आदर करतो, आणि हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण विषय आणि नोकरी यांत फरक करायला हवा. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्यातला मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांसाठी आहे. फराइजचा हिशेब हेही पैशाचेच गणित होते. आज मलेशियात आणि आखातात चालणाऱ्या तकाफुललाही ॲक्चुअरी लागतो, सुकूकची किंमतही गणितानेच ठरते. पीक विमा, आरोग्य विमा आणि कामगारांचे निवृत्तिवेतन यांचा हिशेब चुकला, तर त्याचा फटका सर्वात आधी गरिबाला बसतो.

उलट, गणित न येण्याची किंमत आपण मोजली आहे. २०१९ मध्ये बंगळूरची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी कोसळली आणि हलाल नफ्याच्या विश्वासावर पैसे ठेवलेले हजारो मुस्लिम ठेवीदार रस्त्यावर आले. त्यांत निवृत्त माणसे होती, मुलीच्या लग्नासाठी साठवणाऱ्या आया होत्या. अशा योजना वेगवेगळ्या नावांनी येतच राहणार. समजा कोणी महिन्याला तीन टक्के परतावा देतो म्हणाला. तो पुन्हा गुंतवत गेलो तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते आणि दहा वर्षांत चौतीस पटींहून अधिक. असा कोणता प्रामाणिक धंदा आहे, हा प्रश्न मोहल्ल्यातल्या एकाने जरी हिशेब मांडून मोठ्याने विचारला, तरी कितीतरी घरे वाचतील.

२००६ च्या सच्चर समितीने नामांकित महाविद्यालयांतील पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम असल्याचे नोंदवले होते, पदव्युत्तर पातळीवर पन्नासांत एक. ही दरी केवळ मागण्यांनी भरणार नाही. शिष्यवृत्तीसाठी सरकारशी भांडावेच लागेल, पण सोबत आपल्या संस्थांनीही काम करायला हवे. उर्दू आणि मराठी माध्यमातल्या मुलांना गणिताच्या इंग्रजी परिभाषेची भीती वाटते. ती घालवण्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतले सहा आठवडे पुरतात. ॲक्चुअरीच्या परीक्षांची फी गुणी मुलामुलींसाठी एखादा ट्रस्ट भरू शकतो. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण घरी बसून अभ्यास करून देता येणारी ही परीक्षा आहे आणि ‘लांब शिकायला पाठवणार नाही’ हे कारण इथे चालत नाही.

ज्यांच्या मोबाइलवर आज ते ॲप आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. गेल्या सहा महिन्यांतले सगळे सौदे एका वहीत उतरवा. किती लावले, किती आले, दलाली आणि कर किती गेला, सगळे लिहा आणि शेवटी बेरीज करा. आकडे पाहून मन खट्टू झाले तर ॲप बंद करा. आणि ते आकडे मांडताना मजा आली असेल, तर जवळच्या महाविद्यालयात जाऊन संख्याशास्त्र विभाग कुठे आहे, ते विचारा.