चाळीसगावात तरुणांचा कला स्टुडिओ: इमारतीला पैसा मिळेल, पण दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार?

चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळ एक जुना बंगला आहे. कलामहर्षी केकी मूस इथेच राहिले, इथेच त्यांनी काम केलं आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी इथेच त्यांचा शेवट झाला. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या पारशी कलावंताने आयुष्यातली जवळपास पाच दशकं घराबाहेर फारसं पाऊल न टाकता काढली, असं सांगितलं जातं. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, प्रकाशाचा खेळ करून ते अशी छायाचित्रं काढत की बघणाऱ्याला खरंखुरं निसर्गदृश्यच वाटावं. टेबल टॉप फोटोग्राफी म्हणतात ती हीच. आज तो बंगला संग्रहालय आहे.

थोडक्यात, चाळीसगावला स्टुडिओ ही गोष्ट नवीन नाही. फक्त तो एकट्या माणसाचा होता, आणि त्याच्या घरातच होता. आता प्रश्न वेगळा आहे. गावातल्या विशी-बाविशीतल्या मुलामुलींना चित्रं काढायला, नाटकाची तालीम करायला, अहिराणी गाणं रेकॉर्ड करायला एक सामायिक जागा हवी असेल, तर ती उभी कशी करायची? आणि मुख्य म्हणजे टिकवायची कशी?

आधी स्टुडिओ लागतो का, ते बघू

हा प्रश्न खोचक वाटेल, पण विचारायला हवा. खान्देशातली पोरं स्टुडिओशिवायही कामं करतातच. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओंचा यूट्यूबवरचा प्रेक्षक मोठा आहे, आणि त्यातलं कितीतरी शूटिंग शेतात, गल्लीत, मित्राच्या ओट्यावर होतं. तास-दीड तासाच्या अंतरावरच्या मालेगावात तर हौशी मंडळींनी जुगाड करून अख्खे सिनेमे काढले. त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट थिएटरमध्ये लागला.

मग अडतं कुठे? शूटिंग गल्लीत होतं, आवाजाचं रेकॉर्डिंग होत नाही. कॅमेरा उसना मिळतो, पण तालमीला रोज संध्याकाळी दोन तास रिकामी खोली मिळत नाही. ओलं कॅनव्हास वाळत ठेवायला दोन खोल्यांच्या घरात जागा नसते. मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी साधा आणि आणखी अवघड आहे: संध्याकाळी सातला 'कुठे चाललीस?' याचं उत्तर घरच्यांना पटेल असं असावं लागतं. 'मित्राच्या गच्चीवर' हे उत्तर चालत नाही, 'संस्थेच्या हॉलवर' हे चालू शकतं. म्हणून झगमगीत इमारतीची गरज नाही. एक मोठी खोली, एक आवाजबंद कोपरा, कुलपाचं कपाट, स्वच्छ टॉयलेट आणि उघडी-बंद करायची जबाबदारी घेणारं कुणीतरी, एवढं पुरतं.

छबिलदासची गोष्ट

मराठीत अशा जागेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका शाळेतलं आहे. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदी मंडळींनी मुंबईत 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये त्यांचे प्रयोग होऊ लागले. व्यावसायिक नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही, तर शाळेचा हॉल घ्या, इतका साधा हिशेब होता. त्यातून जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली तिला शाळेच्याच नावाने 'छबिलदास चळवळ' म्हटलं जातं.

पण गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. हॉल संस्थेच्या मालकीचा नव्हता. पुढे तो सोडावा लागला आणि 'आविष्कार'ला माहीमच्या म्युनिसिपल शाळेत बस्तान हलवावं लागलं. स्वस्त जागेची किंमत ही असते: ती कधीही परत मागितली जाऊ शकते. तरीही चाळीसगावसारख्या गावात सुरुवात शाळा-कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या रिकाम्या खोलीतूनच होण्याची शक्यता जास्त. निदान वेळा, भाडं आणि किती वर्षं हे लेखी घ्यावं, एवढीच काळजी.

नगरपालिकेची जागा मागता येते का? येते, पण तोंडी आश्वासनावर नाही. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार पालिकेला स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना ठरलेली प्रक्रिया पाळावी लागते. त्यामुळे 'नगरसेवकाने शब्द दिलाय' यावर रंगकाम सुरू करणं धोक्याचं.

जागा बघताना एक गोष्ट चाळीसगावकरांना वेगळी सांगायला नको. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि शहरात पाणी शिरलं. नदीकाठच्या बाजारपेठेतला तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळतो तो उगाच नाही. तबला, ॲम्प्लिफायर, कॅमेरा आणि चित्रं यांना एका रात्रीचं पाणी पुरतं. पहिला मजला घ्या, जिना चढायला लागला तरी चालेल. मात्र ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून काही कार्यक्रम खाली कुठेतरी ठेवावे लागतील.

पैसा: कुठे आहे, कुठे नाही

सरकारी योजना आहेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या 'कला संस्कृती विकास योजने'त स्टुडिओ थिएटरसह इमारतींसाठी अनुदान आहे. महानगरांबाहेरच्या संस्थेला त्यात कमाल २५ लाख रुपये मिळू शकतात. पूर्ण खर्च मात्र मिळत नाही, उरलेला वाटा संस्थेने उभा करायचा असतो. याच मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ही एकेका कलाकाराला मिळते, संस्थेला नाही. पण स्टुडिओतल्या दोघा-तिघांना ती मिळाली तर ते गाव सोडून जाण्याची घाई करणार नाहीत, हाही हिशेबच आहे.

आमदारांना स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यातून गावोगावी सभामंडप उभे राहिलेले आपण बघतोच. हा निधी कायमस्वरूपी कामांसाठी असतो. भिंती मिळतील, पंख्याचं बिल नाही. खान्देशात कुलूप लावलेले सभामंडप किती आहेत ते आपापल्या गावात मोजून बघा.

समारंभाचं अर्थकारण वेगळं चालतं. जळगाव जिल्ह्यातल्याच अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. संमेलनाला राज्य सरकारचं अनुदान २ कोटींचं. संमेलन होऊ नये असं कुणी म्हणणार नाही. पण तीन दिवसांच्या मांडवासाठी जी रक्कम एका निर्णयात मंजूर होते, त्यातला छोटासा हिस्सा बारा महिने उघड्या राहणाऱ्या खोलीसाठी मागायला गेलं की कुठलं खातं, कुठला लेखाशीर्ष, असे प्रश्न सुरू होतात. कार्यक्रमाला फोटो असतो, व्यासपीठ असतं. रोजच्या तालमीला यातलं काही नसतं.

मग उरतो सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या वर्षी ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यापैकी एक निकष पूर्ण करतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. सरासरी नफा ५० कोटी असेल तर १ कोटी. कला आणि संस्कृती हे विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. चाळीसगावात गुजरात अंबुजा एक्स्पोर्ट्सचा मका प्रक्रिया कारखाना आहे, भारत वायर रोप्सचा कारखाना आहे. दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत, त्यामुळे सीएसआर कुठे खर्च होतो ते त्यांच्या वार्षिक अहवालात कुणालाही वाचता येतं. अर्ज करण्याआधी तेवढं वाचून जावं.

पण इथे मेख आहे. सीएसआरचा पैसा स्वीकारायला संस्थेकडे १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, बोलण्यात अजून १२ए आणि ८०जीच चालतं.) म्हणजे ज्या वर्षी पैशांची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी हा दरवाजा बंद.

यावर वाट एकच: पहिली तीन वर्षं एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेच्या किंवा वाचनालयाच्या छत्राखाली काढायची. पैसा त्यांच्या खात्यात येणार, सही त्यांच्या अध्यक्षांची. मग 'तरुणांनी चालवलेला स्टुडिओ' यातलं 'तरुणांनी चालवलेला' किती उरतं? कार्यक्रम कोणता, पाहुणा कोण, बॅनरवर फोटो कुणाचा, हे कोण ठरवणार ते सुरुवातीलाच करारात लिहून घेतलं नाही तर पहिल्याच वर्धापनदिनी भांडण ठरलेलं.

परदेशात गेलेल्या गावकऱ्यांकडून देणगी घ्यायची तरी नियम बघावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेला दादा अमेरिकेतून पैसे पाठवतो ते चालतं. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरएची परवानगी लागते. गावातल्या देणगीदाराला ८०जीची पावती देऊन आकर्षित करू, हाही बेत आता तितका चालत नाही. नव्या कररचनेत ही वजावट मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार तिकडे वळलेत.

महिन्याचा हिशेब

समजा, भाडं १२,००० रुपये. वीज आणि इंटरनेट ४,०००, अर्धवेळ माणसाचं मानधन ८,०००, साफसफाई-दुरुस्ती ३,०००, हिशेब आणि ऑडिटसाठी बाजूला १,०००. एकूण २८,०००. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी; डिपॉझिट आणि सामान वेगळं.)

आता जमा बाजू. ६० सभासद, प्रत्येकी २०० रुपये: १२,०००. रेकॉर्डिंग-शूटिंगसाठी दहा बुकिंग, प्रत्येकी ५००: ५,०००. शनिवार-रविवार २० लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग, प्रत्येकी ३००: ६,०००. झाले २३,०००. तूट महिन्याला ५,०००, म्हणजे वर्षाला ६०,०००. दरवर्षी १०,००० रुपये देणारे सहा जण गावात शोधले की ती भरते. डॉक्टर, व्यापारी, निवृत्त शिक्षक, अशी सहा घरं चाळीसगावात अवघड नाहीत.

धोका दुसरीकडे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा येतात, जूनमध्ये मुलं नाशिक-पुण्याला निघतात. ६० पैकी २० सभासद गळले की तूट थेट ९,००० वर जाते. म्हणून पहिल्या दिवशी हाताशी निदान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम असावी. अनेकदा हीच रक्कम आधी साऊंड सिस्टिमवर उडते.

सही कुणाची?

संस्था नोंदवायला किमान सात सज्ञान माणसं लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली की महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. इथपर्यंतची कागदपत्रं एखादा वकील किंवा सीए करून देतो.

खरी अडचण तीन वर्षांनी येते. सातपैकी तिघांना पुण्यात नोकरी लागते, एकीचं लग्न होऊन ती सुरतला जाते. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर कागदावर जुनीच माणसं राहतात. बँकेत सही जुळत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो, आणि सीएसआरसाठी लागणारी तीन वर्षं पूर्ण होत असतानाच संस्था कागदावर अडकून पडते. तरुणांच्या संस्थेत माणसं बदलणारच. म्हणून सातपैकी दोघे-तिघे गाव न सोडणारे हवेत: गावातच दुकान असलेला एखादा, शाळेत शिक्षिका असलेली एखादी. आणि बदल अर्जाची तारीख तालमीच्या वेळापत्रकाशेजारीच भिंतीवर लावलेली बरी.