अडत्याकडून पट्टी घेतो, घराच्या दलालाकडून का नाही?

हळद असो, गूळ असो वा कापूस, आपल्या पेढीवरील माल अडत्याकडे पाठविताना पोत्यांची संख्या, वजन, अडतीचा दर आणि रक्कम मिळण्याची मुदत या सर्व गोष्टी आधी ठरलेल्या असतात. माल विकला गेला की हिशेबपट्टी येते आणि ती ताडून पाहिल्याखेरीज मुनीम खात्यावर जमा धरीत नाही. हा परिपाठ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु त्याच कुटुंबावर ऐंशी लाखांची सदनिका विकण्याची वेळ येते, तेव्हा कोपऱ्यावरच्या इस्टेट एजंटला फोन करून, "बघा, एखादे गिऱ्हाईक असेल तर सांगा," एवढे बोलून आपण मोकळे होतो. दलालीचा दर ठरलेला नसतो, मुदत ठरलेली नसते आणि हा मनुष्य आपल्या वतीने बोलणार की घेणाऱ्याच्या वतीने, हेही ठरलेले नसते.

घराचा दलाल हाही एक अडत्याच होय. तो आपल्या मालासाठी गिऱ्हाईक आणतो आणि त्याचा मोबदला घेतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ यात मालक व प्रतिनिधी यांच्या संबंधांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. प्रतिनिधीने मालकाला योग्य हिशेब दिला पाहिजे, असे त्यातील कलम २१३ सांगते. म्हणजे पेढीवरची शिस्त घराच्या विक्रीलाही लागू करण्यास कायद्याचाच आधार आहे. ती कशी लागू करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

आधी घरात एकमत

दलाल शोधण्यापूर्वी विकणारा कोण, हे निश्चित झाले पाहिजे. माझ्या परिचयातील एका कुटुंबात वडिलांच्या पश्चात पुण्यातील सदनिका विकावयाची ठरली. तिघा भावांनी आपापल्या ओळखीच्या तीन दलालांना सांगितले. एकाने ९२ लाख, दुसऱ्याने ८८ लाख, तर तिसऱ्याने "८५ पर्यंत बसू" असे कळविले. एकाच ग्राहकाच्या कानी तिन्ही भाव गेले. त्याने घाईत असलेल्या कुटुंबाची नाडी ओळखली आणि ८२ लाखांवर अडून बसला. व्यवहार त्याच आकड्याला झाला. पुढे दोन दलाल "गिऱ्हाईक मीच दाखविले" म्हणून दलाली मागण्यास दारी आले. लेखी काहीच नसल्याने कोणाचे म्हणणे खरे, हे ठरविण्याचा मार्ग उरला नव्हता.

या प्रसंगात दलालांपेक्षा घरातील विस्कळीतपणाचा वाटा मोठा होता. म्हणून कुटुंबातील एकाच व्यक्तीने दलालाशी बोलावे आणि बाकीच्यांनी चौकशीचा प्रत्येक फोन तिच्याकडे वळवावा.

दुसरा मुद्दा मालकीचा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैन कुटुंबांनाही लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे आणि मुली यांचा समान हिस्सा असतो. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही असतो. विवाहित मुलीचा हिस्सा विवाहामुळे संपत नाही. सोसायटीच्या दप्तरी एकाच मुलाचे नाव नामनिर्देशित म्हणून असले, तरी तेवढ्याने तो एकटा मालक ठरत नाही. "ताईची सही काय, केव्हाही मिळेल," या भरवशावर ग्राहकाकडून इसार घेणे धोक्याचे असते. ताईशी बोलणे दलालाच्या आधी व्हावे, नंतर नव्हे. ते व्यवहाराच्या दृष्टीने जितके आवश्यक, तितकेच नात्याच्या दृष्टीनेही.

तिसरे, कागदपत्रे. मूळ करारापासून आजपर्यंतची सर्व खरेदीखते, नोंदणीच्या पावत्या, सूची क्रमांक दोन, भागदाखला, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर व सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या पावत्या, आणि कर्ज असल्यास बँकेचे थकबाकीचे पत्र, एवढे एका फाईलमध्ये लावून ठेवावे. बँकेतील नोकरीत गृहकर्जाची प्रकरणे हाताळताना मी वारंवार पाहिले की, ग्राहक उत्तम, भाव ठरलेला, इसारही झालेला. पण मधला एखादा करार सापडत नाही म्हणून कर्ज अडते. मग भाव पुन्हा खाली येतो.

निवड कशी करावी?

किमान तीन दलालांना घरी बोलावून घर दाखवावे आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. याच इमारतीत किंवा याच रस्त्यावर गेल्या वर्षभरात तुम्ही कोणते व्यवहार केले? त्यांची नोंदलेली किंमत किती? आमच्या घराला कोणता भाव मिळेल आणि तो कशावरून? उत्तर पडताळून पाहणे अवघड नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. तीत व्यवहाराची रक्कम व क्षेत्रफळ असते. तुलना करताना चटई क्षेत्राची तुलना चटई क्षेत्राशीच करावी.

येथे एक सावधगिरी. तिघांपैकी जो सर्वांत मोठा आकडा सांगतो, त्याच्याकडे मन ओढ घेते. परंतु काम मिळविण्यासाठी चढा भाव सांगावयाचा आणि दोन महिन्यांनी "बाजार थंड आहे" म्हणून मालकाला खाली आणावयाचे, ही या व्यवसायातील जुनी रीत आहे. आकडा कितीही मोठा असला, तरी त्यामागे नोंदलेल्या व्यवहाराचा आधार आहे काय, हे पाहावे.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकेचा व्यवहार करणाऱ्या मध्यस्थास महारेराची नोंदणी बंधनकारक आहे. २०२३ पासून महारेराने मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही आवश्यक केले. त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर नाव व मुदत तपासावी. मात्र आपली बरीच घरे जुन्या सोसायट्यांत आहेत, ज्यांची प्रकल्प म्हणून कधी नोंदणीच झालेली नाही. अशा पुनर्विक्रीस हे बंधन सरळ लागू होत नाही. म्हणूनच नोंदणीकृत दलाल निवडणे श्रेयस्कर; पण आपले खरे संरक्षण त्याच्याशी केलेल्या लेखी करारात आहे.

दलालाचे गणित

दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. आपल्याकडील शहरांत प्रत्येक पक्षाकडून साधारणतः एक ते दोन टक्के घेण्याची प्रथा आहे. ऐंशी लाखांवर एक टक्का म्हणजे ८०,००० रुपये. दलाल वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत असेल तर त्यावर अठरा टक्क्यांनी १४,४०० रुपये, एकूण ९४,४००. दोन टक्के ठरल्यास हीच रक्कम १,८८,८०० रुपये होते. त्यामुळे "दोन टक्के" म्हणजे करासहित की कर वेगळा, हे आधीच विचारावे.

आता त्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. आणखी महिनाभर थांबून आपणांस तीन लाख अधिक मिळाले, तर एक टक्क्याने त्याच्या पदरी केवळ ३,००० रुपये अधिक पडतात. त्यासाठी त्याने महिनाभर का खपावे? आज व्यवहार झाला तर ८०,००० आजच मिळतात. यात अप्रामाणिकपणा नाही, साधे अंकगणित आहे. म्हणून "एवढ्यात देऊन टाका, शेठ" हा त्याचा सल्ला ऐकावा जरूर. परंतु निर्णय आपल्या आकड्यांवर घ्यावा.

आणखी एक प्रस्ताव हमखास येतो : "तुमच्या हातात किती पाहिजेत ते सांगा, वरचे आमचे." व्यापारी मनाला हा सोपा वाटतो; तो मान्य करू नये. वरचे किती, हे आपणांस कळत नाही आणि ते पुष्कळदा रोखीत मागितले जाते. त्यातून ग्राहकाचाही आपल्यावरील विश्वास उडतो. दलालाने स्वतःच, किंवा नातेवाइकाच्या नावाने, आपले घर आपल्या नकळत घेतले तर करार अधिनियमाची कलमे २१५ व २१६ मालकाच्या बाजूने उभी राहतात. पण तो वाद न्यायालयात चालविण्यापेक्षा आधीच लिहून घेणे स्वस्त पडते.

नेमणूकपत्रात काय असावे?

एक पानी पत्र पुरेसे आहे. त्यावर सर्व मालकांच्या आणि दलालाच्या सह्या असाव्यात. त्यात पुढील बाबी याव्यात :

१. घराचा तपशील, मागणीची किंमत आणि मालकाच्या लेखी संमतीविना किंमत कमी न सांगण्याची अट. आपला अंतिम आकडा मात्र या पत्रात लिहू नये, दलालास सांगूही नये.

२. नेमणूक एकट्याची की अनेकांपैकी एक. एकट्याची असल्यास मुदत नव्वद दिवसांची ठेवावी आणि दर पंधरवड्यास कोणी घर पाहिले, काय म्हणाले, याचा अहवाल मागावा.

३. दलालीचा दर, कर आणि देण्याची वेळ. कलम २१९ अन्वये वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच मोबदला देय होतो. पण काम पूर्ण केव्हा, यावरच तंटे होतात. अर्धी रक्कम साठेखताच्या नोंदणीनंतर आणि अर्धी खरेदीखत होऊन संपूर्ण रक्कम खात्यात आल्यावर, असे स्पष्ट लिहावे.

४. तो ग्राहकाकडूनही दलाली घेणार काय आणि किती.

५. मुदत संपताना त्याने दाखविलेल्या ग्राहकांची यादी. यादीतील ग्राहकाने पुढील तीन महिन्यांत घर घेतल्यास दलाली देय राहील.

हे पाचवे कलम दलालाच्या हिताचे आहे आणि ते असलेच पाहिजे. दलालाने आणलेल्या ग्राहकाशी परस्पर बोलून त्याची दलाली बुडविणे, याला काही घरांत हुशारी समजतात. ज्याने उन्हातान्हात दहा वेळा कुलूप उघडून घर दाखविले, त्याचे कष्टाचे पैसे ठेवून घेणे ही चतुराई नव्हे. बाजारात पत अशा गोष्टींनीच जाते.

जे हातचे सोडू नये

पहिले, सहीचा अधिकार. दलालास कुलमुखत्यारपत्र कधीही देऊ नये. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले आहे. तथापि त्या कागदाच्या बळावर इसार गोळा करून मालकास अडचणीत आणता येते. सहमालक परदेशी असेल तर विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र जवळच्या नातलगास द्यावे.

दुसरे, मूळ कागदपत्रे. दाखविण्यास प्रतीच द्याव्यात आणि प्रत्येक प्रतीवर "केवळ पाहणीसाठी" असे लिहून तारीख घालावी. घर दाखविण्याच्या वेळाही ठरवून द्याव्यात. दुपारी घरात वृद्ध आई एकटी असताना अनोळखी मंडळी येणे योग्य नव्हे.

तिसरे, रक्कम. इसाराची रक्कम दलालाच्या नावे नको, ती मालकांच्या खात्यातच यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास स्वीकारणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "थोडे रोख, थोडे चेकने" हा सल्ला देणारा त्या वेळी समोर नसतो. नोटीस मालकाच्या नावाने येते. इसारपावतीवर ग्राहकाचे कर्ज नामंजूर झाल्यास इसाराचे काय, हेही लिहावे.

चौथे, कराचा सल्ला. तो दलालाकडून न घेता आपल्या सनदी लेखापालाकडून घ्यावा. रक्कम किंवा मुद्रांकासाठीचे मूल्य पन्नास लाख वा अधिक असेल, तर निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ग्राहक एक टक्का कर कापून भरतो. तो प्रत्येक मालकाच्या पॅन क्रमांकावर हिश्श्याप्रमाणे जमा झाला, हे तपासावे. मुद्रांकाचे मूल्यांकन कराराच्या रकमेहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक निघाले, तर भांडवली नफा त्या मूल्यांकनावर मोजला जातो. म्हणून भाव ठरविण्यापूर्वी रेडीरेकनर पाहावा.

व्यवहार पुरा झाल्यावर दलालाची रक्कम बँकेमार्फत, पावती घेऊन आणि ठरल्या दिवशी द्यावी. विक्रीसाठीच केलेला हा खर्च भांडवली नफ्यातून वजा मिळतो. मात्र त्यासाठी पावती हवी. अडत्याची पट्टी आपण ज्या फाईलला लावतो, तशीच ही पावतीही खरेदीखताच्या प्रतीसोबत लावून ठेवावी. घर विकून आलेल्या रकमेवरील भांडवली नफ्याचा कर आणि नवीन घर घेऊन मिळणारी सवलत यांचा विचार पुढील अंकी करू.