कोणाला डालायचं?

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण एक कोंबडी. हसू नका, सगळं सांगतो.

निलंग्यात आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे खुराड्यात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यातल्या एका लालसर कोंबडीला नातू तांबी म्हणतो. भाद्रपद सरता सरता तांबीची पिसं झडायला लागली. आधी मान, मग पाठ, मग शेपूट. अंडी बंद झाली, तुरा फिकट पडला. आणि तिची पाठ उघडी पडताच बाकीच्या तिला टोचायला लागल्या. दाण्याजवळ आली की टोच, पाण्यावर गेली की टोच. एका सकाळी पाठीवर रक्त दिसलं.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, कामून पोसता आता? कापून टाका की!"

मला ते पटलं नाही. पिसं झडणं हा काही रोग नव्हे. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसं टाकते आणि नवी आणते. पिसाचा शेकडा ऐंशीहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. अंगातली प्रथिनं तिकडे लागतात, म्हणून अंडी थांबतात. म्हणजे ती रिकामी बसलेली नसते, उलट दुप्पट कामात असते. नव्या पिसांचे कोंब रक्ताने भरलेले असतात. ते दुखतात, म्हणून या दिवसांत तिला उगाच हातात धरू नये. आणि तो लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच चोच मारतात.

अंडी देणारे मोठे कारखाने तर सगळ्या कोंबड्यांची पिसं एकदम झडावीत म्हणून त्यांना मुद्दाम उपाशी ठेवत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ साली ही उपासमार थांबवण्याची सूचना दिली. न देणाऱ्याला पोसायचं कशाला, हा प्रश्न फक्त आमच्या शेजाऱ्यांचा नाही, एवढंच यावरून कळतं.

तर मी तांबीला उचललं, हळद आणि खोबरेल लावलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली डाललं. ज्वारीबरोबर भुईमुगाची पेंड आणि भाजून भरडलेलं सोयाबीन दिलं. (सोयाबीन कच्चं देऊ नये, कोंबडीला ते पचत नाही.) दहा दिवसांत जखम सुकली. मोठ्या समाधानाने तिला पुन्हा बाहेर सोडलं, तर सगळ्या मिळून तिच्यावर तुटून पडल्या! पूर्वी दोघीतिघी टोचायच्या, आता साऱ्याच. दहा दिवसांत ती त्यांना परकी झाली होती.

थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२२ साली दाखवून दिलं की कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. कोंबडी काही दिवस नाहीशी झाली की तिची पायरी जाते. मी दया म्हणून जे केलं, त्याने तिची होती ती पायरीही गेली.

आणि ओट्याजवळ उभा असताना मला पाचवीचा एक वर्ग आठवला. १९८० च्या सुमाराची गोष्ट. एका मुलाच्या डोक्याला खवडे झाले, म्हणून घरच्यांनी त्याचं डोकं भादरलं. पोरं येताजाता टपल्या मारायची. मी काय केलं? त्याला उचलून माझ्या टेबलाजवळ एकटं बसवलं. त्याच्या भल्यासाठीच. टपल्या थांबल्या. केस आले, खवडे गेले, पण त्याला कोणी रांगेत बसू देईना. आणि टपल्या मारणारे पुढारी मात्र आपापल्या जागी मजेत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. हजेरीपत्रकात 'सतत गैरहजर' असं मी माझ्याच अक्षरात लिहिलं आणि पुढे त्याचं नाव कमी केलं. त्याच्या घरी मी गेलो नाही. का गेलो नाही, याला आज माझ्याजवळ उत्तर नाही.

या खेपेला मी उलटं केलं. टोचण्यात पुढे असायची ती काळी. तिला चार दिवस डाललं. तांबी बाहेरच राहिली. दाण्याची भांडी एकाची तीन केली, एकमेकींपासून लांब ठेवली. मेथीची जुडी उंच टांगली, म्हणजे चोचींना उद्योग. चौथ्या रात्री अंधारात काळीला हळूच दांडीवर बसवलं. सकाळी तिचा तोरा उतरला होता. एकदोनदा चोच उगारली, तेवढंच.

रक्त येत असेल तर जखमीला बाजूला घ्यावंच लागतं. पण तेही जाळीआड, कळपाला दिसेल असं, आणि लवकर परत. एरवी हलवायचं ते टोचणारीला. आपण नेमकं उलटं करतो. छळ झालेल्या मुलाचा वर्ग बदलतो, सासुरवाशिणीला माहेरी धाडतो, आणि प्रश्न सुटला म्हणतो. सोसणारा ऐकतो, म्हणून त्याला हलवणं सोपं जातं. माणसांची तुलना कोंबड्यांशी करू नये, हे मान्य. पण कोंबड्यांच्या कळपात गुरुजी नसतो. माझ्या वर्गात होता.

असो. दिवाळी झाली. तांबीला नवी पिसं आली आहेत, आधीपेक्षा गडद. अंडं अजून दिलेलं नाही. मला घाई नाही.